सिंधूबाई आणि रातपाळीचा ड्रॅगन

मी एका ड्रॅगनला सकाळी सहा वाजता डरकाळी फोडायला लावली आणि त्या पुस्तकाच्या पाचशे प्रती छापून घेतल्या. चूक माझी एकट्याची. संपादकाने डरकाळीचं कौतुक केलं, छापणाऱ्याने तिच्यासाठी लाल शाई सढळ हाताने वापरली, हे खरं. पण पुस्तकात ती घातली मी.

पुस्तकाचं नाव 'धगोबा उठला'. धगोबा हा लहान ड्रॅगन. सकाळी उठतो, खिडकी उघडून डोंगर हादरेल अशी डरकाळी फोडतो, नळ सोडून दात घासतो, न्याहारीला काय खावं याचा तीन पानं विचार करतो आणि शाळेत जातो. मुलांना चांगल्या सवयी लागाव्यात असा माझा उदात्त हेतू होता. मी स्वतः नऊला उठतो. परदेशी चित्रपुस्तकांतले सकाळचे ड्रॅगन मी पुष्कळ पाहिले होते. कुणी ज्वाळेवर पाव भाजून घेतो, कुणी शेपटीला साबण लावतो. आपल्या पोरांना मराठीत असा एक ड्रॅगन का नसावा, असं मला फार वाटायचं. पोटापाण्यासाठी मी सुरतेत, पर्वत पाटिया भागातल्या एका कापड मार्केटमध्ये साड्यांची डिझाइनं काढतो. त्यामुळे धगोबाच्या अंगावरचे खवले मला न विचारता कोयऱ्या होऊन बसले. "हा उभा राहिला की पदर वाटतो," असं माझी बायको म्हणाली होती. मी ते मनावर घेतलं नाही.

पुस्तक काढणाऱ्या संस्थेने सुरतेतल्या मराठी बालवाड्यांना प्रती वाटायचं ठरवलं आणि पहिलं वाचन ठेवलं कोसाडच्या वसाहतीत, सिंधूबाईंकडे. सिंधूबाई मूळच्या शिरपूरकडच्या. नवरा यंत्रमागावर कामाला होता म्हणून लग्नानंतर सुरतेला आल्या, तो गेल्यावरही इथेच राहिल्या आणि एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत एकोणीस वर्षं बालवाडी चालवत होत्या. खोली त्यांची नव्हती. इमारतीतल्या लोकांनी ती त्यांना वापरायला दिली होती, एका अटीवर. ती अट काय हे मला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची बुद्धी मला झाली नाही.

मी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. खोलीत बावीस मुलं होती आणि आवाज अजिबात नव्हता. मला वाटलं, डबे खाताहेत. आत जाऊन पाहतो तर गाणं चाललेलं. ओठ हलत होते, हात हलत होते, माना डोलत होत्या, आणि ऐकू येत होतं ते इतकंच, जसं शेजारच्या खोलीत कुणी तांदूळ निवडत असावं. टाळी वाजवायची तर एका बोटाने तळहातावर. मधोमध सिंधूबाई. उंच, काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एखाद्या पोराचा आवाज जरा वर आला की त्यांचा उजवा तळवा कमरेच्या उंचीवर पुढे यायचा आणि सावकाश खाली जायचा. उतू जाणाऱ्या पातेल्यावर झाकण दाबावं तसा. त्या तळव्याखाली आवाज बसायचा.

मला त्या मुलांची दया आली. केवढी ही दडपशाही, असं मी मनात म्हटलं आणि त्यांना मुक्त करायला पुढे सरसावलो.

"काय मुलांनो, आवाज कुठे गेला तुमचा?"

"भाऊ, जरा दमानं," सिंधूबाई म्हणाल्या. "आवाज खाली ठेवा."

बाई लाजऱ्या दिसतात, असा मी अर्थ लावला. वाचत वाचत डरकाळीच्या पानाशी आलो तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आता सगळ्यांनी धगोबासारखी." मुलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचा तळवा खाली चालला होता. मी माझा हात वर नेला. दोन मोठ्या माणसांचे हात एकाच वेळी दोन दिशांना जाताना त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिले. क्षणभर त्यांनी विचार केला आणि माझा निवडला.

तशी डरकाळी मी पुन्हा ऐकलेली नाही. मग वरच्या मजल्यांवर एकामागून एक खाटा करकरल्या, दारं उघडली, आणि जिन्यावरून चपलांचा आवाज खाली येऊ लागला. दारात एक माणूस उभा राहिला. लुंगी, बनियन, एक डोळा उघडा, दुसरा अजून मिटलेला. मागावर वीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान जातात, म्हणून तो मोठ्याने बोलला.

"कोण मेलं?"

"पुस्तक आहे," मी म्हणालो.

हे रघुनाथभाऊ. पहिल्या रांगेत बसलेल्या चार वर्षांच्या खुशीचे वडील. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "साहेब, मी सातला सुटलो. आठला आडवा झालो. संध्याकाळी सातला परत मागावर उभा राहायचंय." मग डावा हात पुढे केला. त्याची दोन बोटं अर्धीच होती. "ही झोपेनं नेली." रागाने नाही, पत्ता सांगावा तसं सांगितलं आणि ते वर निघून गेले.

इथे एखाद्या शहाण्या माणसाने पुस्तकं पिशवीत भरून रिक्षा पकडली असती. मी प्रत्येक मुलाला एकेक प्रत दिली. वर सांगितलं, "घरी न्या आणि रोज सकाळी धगोबासारखं उठा."

आठव्या दिवशी सिंधूबाई मार्केटमध्ये माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी. ती त्यांनी माझ्या अर्धवट काढलेल्या पदराच्या डिझाइनवर ठेवली.

"मोजा. बावीस आहेत."

"आवडली नाहीत का मुलांना?"

"आवडली म्हणून तर आलेय." त्यांनी खुर्ची ओढून घेतली, मी म्हणायच्या आत. "बावीस घरांत रोज सकाळी डरकाळी फुटतेय. बाप आडवा झाला की हा सुरू. इमारतीच्या लोकांनी मला खोली सोडायला सांगितलीय. महिनाअखेरीला. सकाळी पोरांचा आवाज नको, एवढी एकच अट होती त्यांची. एकोणीस वर्षं पाळली मी ती. तुम्ही एका तासात मोडली."

"मुलं आहेत बाई. ती ओरडणारच."

"ओरडतात की. संध्याकाळी सातला पाळी बदलली की मैदानात नेते मी त्यांना. मी पण ओरडते. पोरांना आवाज असतो भाऊ, तो ठेवायची जागा दाखवावी लागते."

मग त्यांनी पिशवीतली एक प्रत उघडली. सिंधूबाई माझ्याशी नीट मराठी बोलायच्या, पण राग आला की अहिराणीत उतरायच्या. पहिल्याच पानावर उतरल्या.

"तुमना ड्रॅगनले बाप शे का नही?"

"म्हणजे?"

"बाप आहे का त्याला? असला तर कुठे आहे? सहा वाजता खिडकी उघडून बोंबलतो, घरात कोणी झोपलेलं नाही?"

"बाई, ड्रॅगन काल्पनिक असतो."

"असू दे की. काल्पनिक घरात पण कोणीतरी कामाला जात असेल."

त्या पान उलटत राहिल्या. "नळ धो धो सोडून दात घासतोय. पाणी किती वाजता जातं याच्याकडे?" मी म्हटलं, ते दाखवलेलं नाही. "दाखवायला पाहिजे. आणि हे काय, तीन पानं नुसता विचार करतोय, पोहे खाऊ का शिरा खाऊ. निवडतो कशाला? जे केलंय ते खातो." मग थांबून चष्मा पुढे ओढला. "अंगावर आंबे कसले?"

"कोयऱ्या आहेत. खवले."

"साडीवर बऱ्या दिसतात."

माझा पारा चढत चालला होता. मी म्हटलं, एवढं वाईट आहे तर टाकून द्या. दुसरं पुस्तक देतो, फळांचं. त्या म्हणाल्या, ते जमायचं नाही. पोरांचा जीव धगोबावर बसलाय. काढून घेतला तर त्यांच्या लेखी बाई वाईट, आणि ठेवला तर खोली गेली. "तेव्हा तुम्ही तो दुरुस्त करा."

"छापलेलं पुस्तक दुरुस्त होत नसतं, बाई."

"साडीला भोक पडलं तर रफू करता ना?" त्या उठल्या. "आधी सकाळ बघायला या. सातला."

"सातला?"

"तेव्हाच असते ती."

गेलो. बायकोने मला साडेपाचला उठवलं आणि दारापर्यंत सोडायला आली, बहुधा खात्री करायला. कोसाडला पोचलो तेव्हा रातपाळी सुटलेली माणसं सायकलींवरून, रिक्षांतून उतरत होती. केसांत कापसाचं पांढरं बारीक तूस. आणि एवढी माणसं येऊनही इमारतीचा आवाज वाढण्याऐवजी कमी होत गेला. एका घरात बाई कुकरची शिट्टी चमच्याने उचलून वाफ हळूहळू सोडत होती. दुसरीने भांडी घासायच्या जागेवर जुनी गोधडी अंथरली होती. खिडक्यांवर एकेक करून जुन्या साड्या चढत होत्या. आठ वाजेपर्यंत सगळ्या इमारतीने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या मजल्यावर मला माझं स्वतःचं डिझाइन दिसलं. कमळांचं.

"ती साडी माझी आहे," मी बाईंना म्हणालो. ऊर भरून आला होता. "उलटी लावलीय, पण माझी आहे."

"ऊन अडतंय ना? मग झालं."

रघुनाथभाऊंच्या दाराशी खुशी उभी होती. वडील आले. तिने त्यांच्या चपला उचलल्या आणि अंडी ठेवावीत तशा भिंतीशी जोडीने ठेवल्या. आईने स्टोव्हवर आंघोळीचं पाणी चढवलं. स्टोव्ह चिडचिडत होता, पाणी तापायला वेळ लागत होता, आणि खुशी रिकामी बादली राखत बसली होती. हे तिचं काम. वडील भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगत होते. खुशीने सिंधूबाईंचा पदर ओढला आणि जवळजवळ नुसत्या ओठांनी विचारलं, "बाई, धगोबा फुंकून पाणी गरम करेल?"

मी हातात पेन्सिल धरून उभा होतो, आणि माझ्या डोक्यात तेव्हा, खरं सांगतो, कमळं होती.

"उभे काय राहिलात," सिंधूबाई म्हणाल्या. "लिहा."

पुढच्या चार दुपारी मी बालवाडीच्या फरशीवर मांडी घालून बसलो. बाईंनी मैद्याची खळ शिजवली होती. मी चित्रांच्या पट्ट्या काढायच्या, त्यांनी मजकूर सांगायचा, मग दोघांनी मिळून त्या बावीस प्रतींत डकवायच्या. माझ्या पाठीचे टाके ढिले झाले. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, त्यांची पाठ ताठ. प्रत्येक ओळीवर भांडण. मी म्हणायचो, धगोबा 'अलगद पावलांनी' चालतो. त्या म्हणायच्या, 'टाचा वर करून' लिहा, पोरांना करून बघता येतं. मी म्हणायचो, नळाचं चित्र राहू द्या, चांगलं जमलंय. त्या म्हणायच्या, तांब्या काढा. मी विचारलं, ड्रॅगनचा बाप रातपाळीला जातो तर करतो काय?

"ढग विणतो," त्या खळ ढवळता ढवळता म्हणाल्या. "डोंगरामागे. रात्रभर. सकाळी लोकांना आयते दिसतात."

असलं वाक्य मला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं, आणि ते म्हणताना त्यांचं लक्ष गुठळ्यांकडे होतं. बाप रातपाळीचा झाला, त्यासरशी पुस्तकाची घडी बसली. धगोबा उठतो, डरकाळी येते ती पाणी पिऊन गिळतो, टाचा वर करून चालतो, बापाची बादली फुंकून गरम करतो. शेवटी कलेच्या दृष्टीने एक छोटीशी डरकाळी हवीच, असा मी हट्ट धरला.

"संध्याकाळी," सिंधूबाई म्हणाल्या. "बाप कामाला गेल्यावर. मैदानात."

तीन प्रतींत मी झोपलेल्या बापाची पट्टी उलटी डकवली. खळ सुकल्यावर लक्षात आलं. बाईंनी एक प्रत हातात घेऊन बराच वेळ पाहिली. "दमला असला तरी छताला झोपत नाही माणूस," म्हणाल्या. आणि ती प्रत तशीच ठेवली, पोरांना हसायला.

महिना संपायला तीन दिवस उरले होते. इमारतीच्या वतीने रघुनाथभाऊंनी निरोप धाडला की झोपायच्या आधी, आठ वाजता, आम्ही चारपाच जण खाली येतो, ते पुस्तक वाचून दाखवा, मग खोलीचं काय ते ठरवू. मी बाईंना म्हटलं, तुम्हीच वाचा, तुमचं ऐकतील.

"तुम्ही बिघडवलंत, तुम्ही वाचा. आणि हळू."

माझा आवाज मार्केटमध्ये तयार झालेला. दोन मजले खाली उभ्या असलेल्या पोऱ्याला चहा सांगणारा. त्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत वाचलं. बावीस मुलं पुढे, मागे भिंतीला टेकून अंघोळ न केलेले बाप, डोक्यात तसंच कापसाचं तूस. सिंधूबाई दाराशी उभ्या. कडीत अडकवलेली किल्ली त्यांनी काढून हातात धरली होती. तेवढ्यावरून मला कळलं की त्या घाबरल्या आहेत. एरवी चेहऱ्यावर काही नव्हतं.

ढग विणण्याच्या पानावर एक जण हसला. मला धीर आला. धगोबाने बादलीवर पहिली फुंकर घातली आणि भिंतीकडून घोरण्याचा आवाज आला. रघुनाथभाऊ. हनुवटी छातीवर, अर्ध्या बोटांचा हात मांडीवर उताणा. मी थांबलो. चांगल्या वाचकाला असं काही झालं की वाईट वाटतं. आवाज जरा चढवावा का, असा विचार मनात आला आणि बहुधा तोंडावरही आला असावा. कारण त्याच क्षणी बावीस तळवे माझ्याकडे वळले आणि सावकाश खाली गेले.

उरलेलं पुस्तक मी इतक्या हळू वाचलं की मलाही नीट ऐकू आलं नाही. बाकीचे बाप टाचा वर करून निघून गेले. कुणीतरी रघुनाथभाऊंच्या अंगावर सतरंजीचं टोक टाकलं. बालवाडी त्यांच्या भोवती, एका बोटाच्या टाळीवर, अकरापर्यंत चालली. खुशी त्यांच्याशेजारी बसून आपली खाऊची वाटी बोटाने निपटत होती.

अकराला ते जागे झाले, तोंड पुसलं, इकडेतिकडे पाहिलं.

"संपलं?"

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"पाणी तापवलं तिथपर्यंत ऐकलं. छान लागली झोप." मग उठून, मोठ्याने बोलायचं टाळत, त्यांना जमेल तेवढं हळू सिंधूबाईंना म्हणाले, "बाई, किल्ली असू द्या तुमच्याकडेच."

बाईंनी किल्ली कमरेला खोचली. मी थोडा रेंगाळलो. एवढं केल्यावर दोन शब्द तरी ऐकायला मिळतील अशी अपेक्षा होती. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पाय काढा. सतरंजी गुंडाळायचीय."

यानंतर पाच वर्षं आमचं येणंजाणं राहिलं. येणंजाणं म्हणजे मी जायचो आणि त्या चुका काढायच्या. फळांच्या पुस्तकात मी सीताफळ सोलून दाखवलं होतं, त्यावरून मला एक पूर्ण दुपार ऐकावं लागलं. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे अगदीच गेले. बालवाडी त्यांनी आपल्याच एका जुन्या विद्यार्थिनीच्या हाती दिली आणि सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, इच्छापोरला मुलाकडे राहायला गेल्या. मुलगा तिथल्या कारखान्यात आहे. त्याच सुमारास संस्थेने 'धगोबा उठला'ची नवी आवृत्ती काढली. आता डकवाडकवी नाही, सगळं बाईंच्या म्हणण्याप्रमाणे रीतसर छापलेलं. चित्रं मी पहिल्यापासून पुन्हा काढली. पहिली प्रत घेऊन मी इच्छापोरला गेलो.

दार उघडताच त्यांचा तळवा पुढे आला आणि खाली गेला. "हळू. पोरगा रातपाळीहून आलाय."

आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. आतलं दार लोटलेलं, फटीतून खिडकीवरची साडी दिसत होती. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागल्या. तांब्या पाहून मान हलवली. ढगांच्या पानावर थोडं थांबल्या. पहिल्या पानावर त्यांचं नाव माझ्या नावाच्या बरोबरीने छापलं होतं, ते त्यांनी सुरुवातीलाच ओलांडून टाकलं होतं, छापखान्याचा पत्ता ओलांडावा तसं. मग आलं झोपलेल्या बापाचं पान. जुन्या पुस्तकात ती बोटभर पट्टी होती. आता मी त्याला दोन पानं दिली होती. प्रशस्त खोली, मोठी उघडी खिडकी, तिच्यातून तिरपं आलेलं कोवळं सोनेरी ऊन, बापाच्या तोंडावर पडलेलं, आणि त्या उन्हात चमकणारी एकेक कोयरी. त्या उन्हावर मी तीन दिवस खपलो होतो. आता तरी काही बोलतील म्हणून मी पुढे सरकलो.

सिंधूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"किती छापलीत?"

"हजार."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोट उन्हावरच होतं.

"भाऊ," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही त्या बिचाऱ्याला जन्मात झोपू देणार नाही."